पदक, शीड आणि सार्वजनिक निधी : नागपूरच्या तलावांच्या संदर्भात क्रीडा धोरणाची चिकित्सा

गोषवारा

क्रीडा क्षेत्रावरील सार्वजनिक निधी पदकविजेते घडविण्यासाठी वापरावा की सर्वसामान्यांच्या सहभागासाठी, हा वाद पाश्चात्त्य देशांत दीर्घकाळ चालू आहे. शिडाच्या होड्यांच्या खेळाला, म्हणजे सेलिंगला, हा वाद लावला असता महाराष्ट्रात त्याची मांडणी बदलावी लागते. येथे क्लब हा तळागाळाचा प्रतिनिधी नाही आणि आंतरराष्ट्रीय खेळाडू हा सधन वर्गाचा प्रतिनिधी नाही. प्रस्तुत लेखात केंद्र व राज्य शासनाच्या प्रमुख योजनांची या दृष्टीने चिकित्सा केली असून नागपूरसारख्या समुद्रापासून दूर असलेल्या शहराच्या संदर्भात पर्यायाची दिशा सुचविली आहे.

बीजशब्द : क्रीडा धोरण, सार्वजनिक निधी, सेलिंग, मिशन लक्ष्यवेध, खेलो इंडिया, क्रीडा संकुल, नागपूरचे तलाव.

प्रस्तावना

नागपुरातील सदर या वस्तीच्या आसपास क्रीडा क्षेत्रातील पैशाचे निरनिराळे प्रवाह एकत्र पाहावयास मिळतात. सिव्हिल लाइन्सला लागून विदर्भ क्रिकेट असोसिएशनचे जुने मैदान आहे. १९६९ मध्ये येथे भारत व न्यूझीलंड यांच्यातील कसोटी सामना झाला. पुढे २००८ मध्ये कसोटी क्रिकेट वर्धा मार्गावरील जामठा येथे गेले. हा पैसा प्रामुख्याने प्रसारण हक्कांतून निर्माण झालेला आहे. सदरच्या उत्तरेस मानकापूर येथे राज्य शासनाचे विभागीय क्रीडा संकुल आहे. तेथील पैसा करदात्याचा आहे. पश्चिमेकडे काही किलोमीटरवर फुटाळा व अंबाझरी हे दोन जुने तलाव आहेत. पाणी, वारा आणि मुले या तिन्ही गोष्टी तेथे उपलब्ध आहेत. तथापि सर्वसामान्य घरातील मुलाला शिडाची होडी चालवावयास शिकता येईल अशी कायमची सार्वजनिक व्यवस्था मात्र तेथे उभी राहिलेली नाही.

मराठी वृत्तपत्रे 'नौकानयन' हा शब्द वल्ह्यांच्या शर्यतींसाठी आणि शिडांच्या शर्यतींसाठी सरसकट वापरतात. वास्तविक हे दोन भिन्न खेळ आहेत. या लेखात वल्ह्यांच्या खेळास रोइंग आणि शिडाच्या खेळास सेलिंग असे म्हटले आहे. सेलिंग हा महाराष्ट्रातील अत्यल्प लोकांचा खेळ आहे, आणि म्हणूनच तो येथे विचारासाठी घेतला आहे. ज्या खेळाचे साधन महाग असते आणि जो खेळ गल्लीत खेळता येत नाही, त्या खेळात शासनाच्या निधीचे तत्त्व अधिक स्पष्टपणे उघड होते. कबड्डीपटू शासनाच्या मदतीवाचूनही तयार होऊ शकतो. होडीवाचून सेलिंगपटू तयार होऊ शकत नाही.

वादाचे पाश्चात्त्य स्वरूप

उच्चस्तरीय क्रीडा विरुद्ध तळागाळातील सहभाग हे द्वंद्व प्रामुख्याने ब्रिटन व ऑस्ट्रेलिया या देशांच्या अनुभवातून चर्चेत आले. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये ब्रिटनला केवळ एक सुवर्णपदक मिळाले. त्यानंतर राष्ट्रीय लॉटरीचा पैसा मोठ्या प्रमाणात पदकक्षम खेळाडूंकडे वळविण्यात आला. यूके स्पोर्ट या संस्थेने 'तडजोड नाही' या नावाने ओळखले जाणारे धोरण स्वीकारले. पदकाची शक्यता असेल तेथेच निधी आणि ती नसेल तर निधी बंद, असे त्याचे सूत्र होते. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ब्रिटनने २९ सुवर्णपदके मिळविली. मात्र त्यानंतर बास्केटबॉलसारख्या लाखो लोक खेळत असलेल्या खेळाचा उच्चस्तरीय निधी २०१४ मध्ये काढून घेण्यात आला. पदके वाढली म्हणजे खेळणारे वाढतात, हे गृहीतक त्यामुळे टीकेचा विषय झाले.

ऑस्ट्रेलियात डेव्हिड क्रॉफर्ड यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००९ मध्ये आपला अहवाल सादर केला. देशाच्या क्रीडाविषयक यशाचे मोजमाप पदकतालिकेवरून करावे काय, असा मूलभूत प्रश्न त्या अहवालाने उपस्थित केला आणि सामूहिक सहभागाकडे निधी वळविण्याची दिशा दाखविली. तेथील ऑलिंपिक समितीने त्यावर तीव्र नाराजी व्यक्त केली.

या दोन्ही देशांत एक गोष्ट समान आहे. तेथे सेलिंगचा स्थानिक क्लब ही सर्वत्र आढळणारी, बहुधा स्वयंसेवकांच्या श्रमावर चालणारी संस्था आहे. त्यामुळे 'तळागाळ' म्हणजे क्लब आणि 'शिखर' म्हणजे राष्ट्रीय संघ अशी विभागणी तेथे सयुक्तिक ठरते. हीच विभागणी जशीच्या तशी महाराष्ट्रावर लादल्यास मात्र चुकीचे निष्कर्ष निघतात.

महाराष्ट्रातील क्लब : तळ की शिखर?

मुंबईचा रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ मध्ये स्थापन झाला, तर पुण्याचा रॉयल कॅनॉट बोट क्लब १८६८ मध्ये. या संस्था वसाहतकालीन अधिकारी व व्यापारी वर्गाच्या विरंगुळ्यासाठी निर्माण झाल्या होत्या. यॉट क्लबमध्ये त्या काळी भारतीयांना प्रवेश नव्हता. लॉर्ड विलिंग्डन यांनी सर्व वंशांच्या सभासदांसाठी स्वतंत्र क्लब काढण्यामागे हीच वस्तुस्थिती होती, असे सांगितले जाते. स्वातंत्र्यानंतर वंशभेद संपला. तथापि सभासदत्वाचे शुल्क, शिफारस आणि सामाजिक वर्तुळ यांची भिंत बऱ्याच अंशी शिल्लक राहिली. १९२८ पासून चालत आलेला पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब हे एक वेगळे उदाहरण आहे. परंतु तेथेही प्रवेश मिळतो तो आधी महाविद्यालयात प्रवेश मिळविलेल्यालाच.

दुसऱ्या बाजूला कोकणच्या किनाऱ्यावर शीड, डोलकाठी, परबाण आणि सुकाणू यांचे ज्ञान पिढ्यान्पिढ्या बाळगणारा कोळी समाज होता. आंग्र्यांच्या आरमाराचा इतिहास या ज्ञानावरच उभा आहे. कृष्णेच्या काठी सांगलीत होड्यांच्या शर्यतींची लोकपरंपरा आहे. पूर्व विदर्भात माजी मालगुजारी तलावांवर उपजीविका करणारा ढीवर समाज आहे. पाण्याशी नित्य संबंध असलेले हे समाज आणि पाण्यावरील संघटित क्रीडा यांची गाठ महाराष्ट्रात फारशी पडली नाही. वाऱ्याचे ज्ञान एका समाजाकडे, तर शर्यतीची होडी दुसऱ्याकडे, अशी ही फारकत आहे.

यावरून एक महत्त्वाचा मुद्दा निष्पन्न होतो. 'पदकांवरील खर्च कमी करून तो क्लबांना द्यावा' ही मागणी ब्रिटनमध्ये पुरोगामी असली तरी महाराष्ट्रात ती अंधपणे अमलात आणल्यास सार्वजनिक पैसा अगोदरच संपन्न असलेल्या संस्थांकडे जाण्याचा धोका आहे.

शिखरावरील खेळाडू कोठून आला?

आता शिखराकडे पाहू. १९८२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धांतील सेलिंगच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या. एंटरप्राइज प्रकारात फारोख तारापोर व झरीर करंजिया या जोडीने तेथे भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. होमी मोतीवाला व पुष्पेंद्र गर्ग यांना १९९३-९४ चा खेलरत्न पुरस्कार सेलिंगसाठी मिळाला. या सर्व काळात भूदल व नौदल हेच या खेळाचे प्रमुख आश्रयदाते राहिले. टोकियो व पॅरिस या दोन्ही ऑलिंपिकमध्ये उतरलेला विष्णू सरवणन हाही भूदलाच्या मुंबईतील यॉटिंग केंद्रात घडलेला खेळाडू होय.

रोइंगमधील दत्तू भोकनळ यांचे उदाहरण या दृष्टीने विशेष बोलके आहे. नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुक्याच्या दुष्काळी पट्ट्यातील तळेगाव रोही या गावचा हा तरुण विहिरी खोदण्याच्या कामावर जात असे. पुण्याच्या बॉम्बे इंजिनीअर ग्रुपमध्ये सैनिक म्हणून दाखल झाल्यानंतर, म्हणजे वयाची विशी ओलांडल्यावर, त्याने हातात वल्हे घेतले. २०१६ मध्ये तो रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी शर्यतीत उतरला आणि तेरावा आला. २०१८ मध्ये आशियाई स्पर्धेत चौघांच्या संघातून त्याने सुवर्णपदक मिळविले. त्याला घडविण्याचे श्रेय क्लबाला किंवा राज्याच्या क्रीडा खात्याला देता येत नाही. ते लष्कराच्या होडीला द्यावे लागते.

याचा अर्थ असा की, महाराष्ट्रातील जलक्रीडेत शिखरावरील खेळाडू अनेकदा कष्टकरी घरातील असतो आणि क्लब मात्र सधनांचा असतो. 'उच्चस्तरीय' या विशेषणाचा क्रीडाविषयक अर्थ आणि सामाजिक अर्थ येथे परस्परविरुद्ध दिशांना जातात. या उलथापालथीची दखल निधीविषयीच्या चर्चेत घेतली जात नाही. लष्कराने एक मोठे सार्वजनिक कार्य केले आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु लष्कराचा मार्ग भरतीच्या दारातून जातो. तो मुलींसाठी दीर्घकाळ अतिशय अरुंद होता, आणि भरतीच्या निकषांत न बसणाऱ्या मुलामुलींसाठी तो आजही खुला नाही. नागरी शासनाची जबाबदारी त्यामुळे संपत नाही.

निधी नेमका कोठे जातो?

पदकासाठीचा खर्च तळागाळाचा घास हिरावून घेतो, असे सर्रास म्हटले जाते. आकड्यांच्या आधारे हे विधान तपासणे आवश्यक आहे. पॅरिस ऑलिंपिकच्या तयारीसाठी केंद्र शासनाने १६ क्रीडा प्रकारांवर सुमारे ४७० कोटी रुपये खर्च केल्याचे जाहीर झाले. त्यात अ‍ॅथलेटिक्सचा वाटा सुमारे ९६ कोटी, तर बॅडमिंटनचा ७२ कोटी होता. सेलिंगला मिळाले ३ कोटी ७८ लाख, म्हणजे एकूण रकमेच्या एक टक्क्याहूनही कमी. या खेळातून विष्णू सरवणन व नेत्रा कुमनन हे दोन खेळाडू पॅरिसला पोहोचले.

याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवून पाहावा. महाराष्ट्र शासनाने २०२२ मध्ये क्रीडा संकुलांच्या अनुदानाची मर्यादा वाढविली. तालुका संकुलासाठी १ कोटीवरून ५ कोटी, जिल्हा संकुलासाठी ८ कोटीवरून २५ कोटी आणि विभागीय संकुलासाठी २४ कोटीवरून ५० कोटी, अशी ही वाढ होती. एका ऑलिंपिकच्या संपूर्ण तयारीसाठी देशाने सेलिंगवर केलेला खर्च महाराष्ट्रातील एका तालुका संकुलाच्या मर्यादेपेक्षाही कमी आहे, ही गोष्ट यातून स्पष्ट होते. तेव्हा सेलिंग शिकू इच्छिणाऱ्या मुलाच्या वाट्याचा पैसा ऑलिंपिकपटूने नेला, असे म्हणता येत नाही. दोघांच्याही वाट्याला फारच थोडे आले. निधीचा मोठा ओघ बांधकामाकडे गेला.

संकुले अनावश्यक आहेत, असा याचा अर्थ नव्हे. तालुक्याच्या ठिकाणी धावपट्टी आणि सभागृह असणे ही न्याय्य अपेक्षा आहे. परंतु अनुदानाचे एकक 'इमारत' हे ठरले की, इमारतीत न मावणारे खेळ आपोआप योजनेबाहेर राहतात. होडी ही निविदेच्या भाषेत लहान वस्तू आहे. तिचे उद्घाटन होत नाही, ती दरवर्षी दुरुस्त करावी लागते, शीड काही हंगामांनंतर बदलावे लागते आणि तिच्यासोबत प्रशिक्षक व बचावनौका लागते. हा सारा आवर्ती खर्च आहे. एकदाच होणाऱ्या भांडवली खर्चाला मंजुरी मिळणे सोपे आणि आवर्ती खर्चाला मिळणे कठीण, हा आपल्या प्रशासनाचा जुना स्वभाव आहे.

यशानंतर दिल्या जाणाऱ्या बक्षिसांचाही येथे विचार करावा लागेल. पॅरिसमध्ये नेमबाजीत कांस्यपदक मिळविणाऱ्या कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे याला राज्य शासनाने २०२४ मध्ये १ कोटी रुपये जाहीर केले. २०२५ मध्ये बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकणाऱ्या नागपूरच्या दिव्या देशमुख हिचा ३ कोटी रुपये देऊन गौरव करण्यात आला. हे गौरव यथोचितच होत. तथापि बक्षीस ही गुंतवणूक नव्हे; ती परतफेड आहे. कुटुंबाने, प्रशिक्षकाने वा अन्य संस्थेने अगोदर सोसलेल्या खर्चाची ती उशिरा झालेली भरपाई असते, आणि ती फक्त यशस्वी झालेल्यालाच मिळते. स्वप्नीलच्या बाबतीत शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीने त्याला किशोरवयातच आधार दिला होता, हे येथे आवर्जून नोंदविले पाहिजे. साधन आणि प्रशिक्षण वेळेवर मिळाल्यास काय घडते, याचे ते शासनाच्याच योजनेतील प्रमाण आहे.

'प्रतिभेचा शोध' या कल्पनेची मर्यादा

महाराष्ट्र शासनाने अलीकडे हाती घेतलेली 'मिशन लक्ष्यवेध' ही योजना ऑलिंपिकमधील १२ खेळांसाठी असून तिच्यासाठी सुमारे १६० कोटी रुपयांची तरतूद सांगितली गेली आहे. या १२ खेळांत रोइंग आणि सेलिंग या दोहोंचा समावेश आहे, ही स्वागतार्ह बाब होय. केंद्राच्या खेलो इंडिया योजनेने ऑलिंपिकच्या दृष्टीने निवडलेल्या १४ प्राधान्य खेळांत रोइंग होते; सेलिंग नव्हते. त्या तुलनेत राज्याचे धोरण एक पाऊल पुढे आहे.

मिशन लक्ष्यवेधची रचना त्रिस्तरीय आहे. जिल्हास्तरावर क्रीडा प्रतिभा विकास केंद्र, विभागस्तरावर क्रीडा उत्कृष्टता केंद्र आणि राज्यस्तरावर उच्च कामगिरी केंद्र. कागदावर ही रचना खालून वर जाणारी दिसते. तथापि तिच्या मुळाशी असलेली 'प्रतिभेचा शोध' ही कल्पना तपासून घ्यावी लागेल. धावणे, कुस्ती, नेम यांतील प्रतिभा शाळेच्या मैदानावर, तालमीत वा एखाद्या साध्या चाचणीत दिसू शकते. शिडाच्या होडीतील प्रतिभा अशी दिसत नाही. वारा फिरला हे पाण्याच्या रंगावरून ओळखणे, शीड किती ओढावे आणि किती सैल सोडावे हे दोरीच्या ताणावरून जाणणे, होडी एका बाजूस कलू लागताच शरीराचा भार विरुद्ध बाजूस बाहेर झोकणे, या गोष्टी होडीत बसल्याशिवाय प्रकट होत नाहीत. जेथे होडी नाही तेथे शोधण्यासारखी प्रतिभाही शासकीय अर्थाने नसते. परिणामी प्रतिभाशोधाची योजना जेथे होड्या आधीपासून आहेत तेथेच, म्हणजे मुंबई-पुणे परिसरातच, घुटमळत राहण्याचा संभव अधिक. नागपूर, भंडारा वा गोंदिया येथे प्रतिभा नाही असा निष्कर्ष काढला जाईल. वस्तुतः तेथे होडी नसते.

यात केवळ हौसेचा प्रश्न गुंतलेला नाही. महाराष्ट्रात शासकीय सेवेत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. दहावी-बारावीच्या परीक्षांत खेळाडू विद्यार्थ्यांना सवलतीचे गुण मिळतात. ज्या खेळात स्पर्धक थोडे, त्या खेळात राज्यस्तरीय पदकापर्यंत पोहोचण्याचा मार्ग तुलनेने छोटा असतो. तेव्हा ज्या मुलांना होडी उपलब्ध आहे त्यांनाच पदक, प्रमाणपत्र आणि त्यामागून येणाऱ्या संधी अधिक सहजपणे मिळू शकतात. एखाद्या खेळात प्रवेश नाकारला जाणे म्हणजे त्या खेळातून मिळणाऱ्या सार्वजनिक लाभांतही प्रवेश नाकारला जाणे होय. खर्चाच्या वाटपाचा प्रश्न अशा रीतीने सामाजिक न्यायाचा प्रश्न बनतो.

दोन शेजारी शहरांचा अनुभव

समुद्र नसलेल्या प्रदेशात सेलिंगचा आग्रह धरणे अव्यवहार्य आहे, असा आक्षेप घेतला जाऊ शकतो. त्याचे उत्तर नागपूरच्या दोन शेजारी शहरांनी दिले आहे.

पहिले शहर भोपाळ. १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. राज्य पुनर्रचनेनंतर ती भोपाळला गेली. त्याच भोपाळच्या मोठ्या तलावावर राज्याश्रयाने सेलिंगचे प्रशिक्षण विद्यालय उभे राहिले. देवास जिल्ह्यातील एका शेतकरी कुटुंबातील नेहा ठाकूर हिने तेथे प्रशिक्षण घेतले आणि २०२३ मध्ये हांगझोऊ येथील आशियाई स्पर्धेत मुलींच्या आयएलसीए-४ प्रकारात रौप्यपदक मिळविले. समुद्रकिनारा नसलेल्या राज्यातील मुलीने हे यश मिळवावे आणि सुमारे सातशे किलोमीटरचा किनारा असलेल्या महाराष्ट्राच्या ग्रामीण मुलींसाठी मात्र तशी व्यवस्था नसावी, हा विरोधाभास धोरणकर्त्यांनी विचारात घेण्याजोगा आहे.

दुसरे शहर हैदराबाद. तेथील हुसेन सागरावर लष्कराच्या ईएमई शाखेची सेलिंग संस्था अनेक दशकांपासून आहे. २००९ मध्ये स्थापन झालेल्या यॉट क्लब ऑफ हैदराबाद या संस्थेने गरीब वस्त्यांतील व शासकीय शाळांतील मुलांना प्रशिक्षण देण्याचे काम हाती घेतले आणि त्यांतून राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय स्तरावरील खेळाडू पुढे आले. क्लब हा तळागाळाचा असू शकतो, हे या उदाहरणाने सिद्ध होते. परंतु तो तसा ठरतो तो त्याचे दार कोणासाठी उघडे आहे यावरून. क्लब या नावात ते नसते.

दोन्ही ठिकाणी यशाचे कारण समान आहे. होडी ही खेळाडूच्या मालकीची नव्हती. ती संस्थेची व सामायिक होती. आयएलसीए, म्हणजे पूर्वीची लेझर, या होडीची रचनाही अशा सामायिक वापरास अनुकूल आहे. एकाच सांगाड्यावर सुमारे ४.७, ५.७ आणि ७ चौरस मीटरची तीन निरनिराळी शिडे लावता येतात. सकाळी ज्या होडीत शाळकरी मुलगी शिकते, त्याच होडीवर मोठे शीड चढवून दुपारी प्रौढ खेळाडू सराव करू शकतो. त्यापेक्षा लहान मुलांसाठी सव्वादोन मीटरच्या आसपास लांबीची ऑप्टिमिस्ट ही होडी जगभर वापरली जाते. एक इमारत एका ठिकाणी उभी राहते. होड्यांचा एक ताफा वर्षानुवर्षे अनेक तुकड्यांना शिकवू शकतो.

नागपूरचे तलाव : देखावा आणि सहभाग

नागपूरच्या तलावांवर सार्वजनिक पैसा खर्च झालाच नाही, असे नाही. फुटाळ्यावर संगीत कारंजे आणि ते पाहण्यासाठी प्रेक्षक सज्जा उभारण्यात आला. या प्रकल्पावरून न्यायालयीन वाद झाला. हा तलाव मानवनिर्मित असल्याने तो पाणथळ क्षेत्राच्या नियमांत मोडत नाही, हा उच्च न्यायालयाचा निष्कर्ष सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये कायम ठेवला. कायद्याचा प्रश्न त्याने निकालात निघाला. धोरणाचा प्रश्न मात्र शिल्लक राहतो. कारंजे नागरिकाला प्रेक्षक म्हणून बोलावते. पदकतालिकाही त्याला प्रेक्षक म्हणूनच बोलावते. दोन्हींत नागरिकाने काठावर बसावयाचे असते. सार्वजनिक निधीने निर्माण होणारा आनंद काठावरूनच पाहावयाचा की पाण्यात उतरून घ्यावयाचा, हा निवडीचा मुद्दा आहे.

राष्ट्रीय छात्र सेनेच्या नौदल शाखेचे छात्र अंबाझरीवर सराव करतात. डी. के. व्हेलर या मोठ्या होड्या वल्हविणे आणि शिडावर चालविणे हा त्यांच्या प्रशिक्षणाचा भाग असतो. म्हणजे शिस्त, सुरक्षिततेची पद्धत आणि पाण्यावर काम करण्याचा अनुभव यांचे बीज शहरात आहे. मात्र छात्र सेनेचा उद्देश वेगळा असून तिची दारे ठरावीक शाळा-महाविद्यालयांनाच उघडी आहेत. या बीजाला नागरी क्रीडा व्यवस्थेची जोड मिळालेली नाही.

सावधगिरीचे मुद्देही विसरता येणार नाहीत. २३ सप्टेंबर २०२३ रोजी अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि शहराच्या मोठ्या भागात पूर आला. तलावाची सुरक्षितता, पाण्याची स्वच्छता आणि जलचरांचे संरक्षण यांना प्राधान्य असलेच पाहिजे. परंतु शिडाच्या होडीस इंजिन नसते. भोपाळच्या तलावावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०२३ मध्ये क्रूझ व मोटरबोटींना मनाई केली, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. केवळ पर्यटनासाठी येणाऱ्या यांत्रिक बोटींच्या तुलनेत शिडाचा खेळ पाण्याला कमी उपद्रवी ठरतो. बचावनौकेचा मर्यादित वापर मात्र नियमांच्या चौकटीत बसवावा लागेल.

फुटाळा व अंबाझरी प्राथमिक शिक्षणासाठी पुरेसे असले तरी स्पर्धात्मक सरावासाठी विस्तीर्ण जलाशय हवा. रामटेकजवळील खिंडसी आणि भंडारा जिल्ह्यातील गोसीखुर्द यांचा विचार त्या दृष्टीने होऊ शकतो. गोसीखुर्दवर राज्य शासनाने जलपर्यटन प्रकल्प हाती घेतला आहे. ज्या धरणाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली आणि ज्यासाठी अनेक गावे उठली, त्या पाण्यावर बाहेरून आलेल्या पर्यटकाने विहार करावा आणि विस्थापितांच्या वा ढीवरांच्या मुलांनी काठावर उभे राहावे, असे होऊ नये. मासेमारी संस्थांचे हक्क अबाधित ठेवून त्यांच्याच मुलांना प्रथम प्रवेश देणारे केंद्र तेथे निघाल्यास ज्ञान आणि साधन यांची जुनी फारकत कमी होऊ शकेल.

काही आक्षेप

पहिला आक्षेप असा की, शाळांना साधी मैदाने नसताना होड्यांवर खर्च कशासाठी? हा आक्षेप गंभीर आहे. खर्चाच्या प्राधान्यक्रमात मैदानाचे स्थान वरचेच राहील. परंतु सेलिंग राज्याच्या योजनेत अगोदरच समाविष्ट आहे आणि त्यावर खर्च होणारच आहे. तेव्हा होणारा खर्च कोणापर्यंत पोहोचतो, एवढाच प्रश्न उरतो.

दुसरा आक्षेप असा की, निधी पातळ पसरल्यास ना पदक मिळेल ना सहभाग वाढेल. एकाग्रतेचे महत्त्व नाकारता येत नाही. ब्रिटनची सुवर्णपदके त्याची साक्ष देतात. मात्र ब्रिटनने एकाग्रता साधली ती क्लबांचा विस्तृत पाया आधीच तयार असताना. पाया नसताना केलेल्या एकाग्रतेतून अन्य संस्थांनी घडविलेले खेळाडू हाती लागतात. नवे घडत नाहीत.

तिसरा आक्षेप प्रशिक्षकांच्या अभावाचा आहे. केंद्र शासनाच्या खेलो इंडिया केंद्रांना साहित्यासाठी एकदाच ५ लाख आणि पुढे दरवर्षी ५ लाख रुपये देण्याची पद्धत होती. आवर्ती खर्च मान्य करणारी म्हणून ती उपयुक्त होय. परंतु ती माजी पदकविजेत्या खेळाडूच्या उपस्थितीवर आधारलेली होती. ज्या जिल्ह्यात खेळच नव्हता तेथे माजी विजेता कोठून मिळणार? भूदल, नौदल व छात्र सेनेतून निवृत्त झालेल्या प्रशिक्षकांना मानधनावर नेमून ही अडचण दूर करता येईल.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. उच्चस्तरीय क्रीडा विरुद्ध स्थानिक क्लब हे द्वंद्व महाराष्ट्रातील सेलिंगला जसेच्या तसे लागू पडत नाही. येथे क्लब बहुधा सधनांचा आणि खेळाडू अनेकदा लष्कराने घडविलेला सामान्य घरातील असतो.

२. तळागाळाच्या निधीचा खरा प्रतिस्पर्धी पदकविजेता खेळाडू नसून इमारत-केंद्री अनुदानपद्धती आहे. शिखर आणि पाया या दोहोंचीही तिने उपेक्षा केली आहे.

३. साधनावलंबी खेळांत प्रतिभेच्या शोधापूर्वी साधनाची उपलब्धता आली पाहिजे. मिशन लक्ष्यवेधच्या जिल्हा केंद्रांत सेलिंगसाठी सामायिक होड्यांचा ताफा, दुरुस्तीचा वार्षिक निधी आणि प्रशिक्षकाचे मानधन हे अनुदानाचे एकक मानले जावे.

४. अनुदान घेणाऱ्या कोणत्याही संस्थेचे, मग ती क्लब असो, शासकीय केंद्र असो वा महाविद्यालय, मूल्यमापन पदकांसोबतच आणखी तीन गोष्टींवर व्हावे : वर्षभरात प्रथमच होडीत बसलेल्या मुलामुलींची संख्या, त्यांतील शुल्कमुक्त मुलांचे प्रमाण आणि प्रत्येक होडी पाण्यावर राहिल्याचे तास. हे आकडे जाहीर करणाऱ्या संस्थेलाच पुढील हप्ता मिळावा.

५. नागपुरात अंबाझरीवर प्राथमिक आणि खिंडसी वा गोसीखुर्दवर प्रगत प्रशिक्षण अशी जोडव्यवस्था, सुरक्षितता व पर्यावरणाच्या अटी पाळून, प्रयोग म्हणून सुरू करता येण्याजोगी आहे.

तालुका संकुलाच्या मर्यादेएवढ्या एका रकमेत असा प्रयोग अनेक वर्षे चालू शकेल. तो फसला तर एका ताफ्याचे नुकसान होईल, आणि त्या होड्या दुसऱ्या तलावावर नेता येतील. न वापरलेली इमारत मात्र कोठेही नेता येत नाही.